पिठातली अर्धी खूण

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ओळ सुरू होते तिथून वर चढत जाते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलंच नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावाला, कुडाळच्या बाजूला. लावणीच्या दिवसांत शाळा चालू असायची आणि आम्ही शेतात असायचो. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. मी हे दाखवण्यासाठी लिहीत नाही. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. कागदावर निदान कोणी तोंडाकडे बघत बसत नाही.

लिहायचं आहे ते बाईंबद्दल.

बाई मुलुंड पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी. मी त्यांच्याकडे सकाळी पोळ्या-भाकऱ्या करायला जायचे. अंगाने बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि दाताखाली कायम एक लवंग. वर्गात बोलून बोलून घसा बसायचा म्हणून लावलेली सवय ती, शाळा सुटली तरी लवंग सुटली नाही. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या की आधी लवंगेचा वास यायचा, मग त्या.

त्यांच्याबरोबर बाजारात जायला मला मजा यायची. भाजीवाला लांबूनच बघून हातातला फोन खिशात टाकायचा आणि गाडीमागे सरळ उभा राहायचा. त्याला दोन मुलं आहेत, पण बाईंसमोर तो स्वतःच मूल व्हायचा.

"माठाची जुडी कशी दिली रे?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं बाई, न्या अशीच."

"म्हणजे वजाबाकी अजून येत नाही तुला. कशी दिली ते सांग."

"बाई, गिऱ्हाइकासमोर तरी इज्जत ठेवा ना."

"इज्जत पाहिजे तर भाव सांग."

शेजारचा कांदेवाला हसून हसून वाकडा व्हायचा. बाई पैसे मोजून द्यायच्या. फुकट घेणं त्यांना चालायचं नाही आणि फुकट देणंही नाही. माझा नवरा गेला, दिरांनी भांडुपची खोली विकली आणि मला नाहूर स्टेशनजवळ भाड्याची खोली बघावी लागली, तेव्हा डिपॉझिटचे पैसे बाईंनी दिले. मी पाया पडायला वाकले, तर खांद्याला धरून उठवलं.

"हे उसने आहेत गं. दान नाही. दान घेतलंस तर उद्यापासून माझ्याकडे बघून बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. दर महिन्याला थोडे थोडे द्यायचे. आणि शेवटचा रुपया येईपर्यंत मी तुला सोडणार नाही, कळलं?"

मी मान हलवली. तेव्हा ते वाक्य मला साधंच वाटलं होतं.

संध्याकाळी बाई बायकांचा वर्ग घ्यायच्या. बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात. त्या खोलीत आम्ही बसायचो. घरकामाला जाणाऱ्या, खाडीकडच्या वस्तीतून मासे विकायला येणाऱ्या, एक-दोघी चौकीदारांच्या बायका. बँकेची पावती, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव, बसची पाटी, असं कामाचं वाचायला बाई शिकवायच्या. पण वही-पेन हातात घ्यायला आम्हाला लाज वाटायची. लिहिलेलं राहतं. चुकलेलं तर जास्तच राहतं. म्हणून बाईंनी परातीत तांदळाचं पीठ पसरलं आणि म्हणाल्या, "यात बोटाने लिहा. बोट तुमचं, पीठ तुमच्या ओळखीचं. चूक झाली तर हात फिरवायचा."

"बाई, आज भाकरी की बाराखडी?" असं कोणीतरी रोज विचारायचं आणि रोज सगळ्या हसायच्या.

बाई एकेकीच्या डाव्या खांद्यामागे येऊन उभ्या राहायच्या. बरोबर असलं तर पिठातच बोटाने खूण करायच्या, आधी खाली उतरणारी आखूड रेघ, मग वर जाणारी लांब रेघ. म्हणायच्या, "बरोबर. पुसा." मग आपण तळहाताने पीठ सारखं करायचं. अर्धवट जमलं असलं तर खूणही अर्धीच. नुसती आखूड रेघ. बाकीची रेघ पुरं केल्यावर मिळायची. मी घाबरट. प्रत्येक वेळी मान वर न करता विचारायचे, "जमलं का बाई?" बाई वैतागायच्या. "उत्तर समोर असताना मला कशाला विचारतेस?"

वर्ग संपला की ते पीठ आवारातल्या जांभळाखाली मुंग्यांना टाकायचो.

बाईंचं दुसरं एक काम होतं. ते सांगायला मला अजून थोडं जड जातं.

आसपास कुठे बाई वारली की यांना बोलावणं यायचं. शेवटची अंघोळ घालायला. आजकालच्या मुली-सुनांना माहीत नसतं, भीती वाटते. काही घरांत बाईमाणूसच नसतं. बाई पैसे घ्यायच्या नाहीत, चहासुद्धा नाही. दारामागे त्यांची एक कापडी पिशवी कायम टांगलेली असायची. तिच्यात तांब्या, पंचा, कंगवा, कापूस, सुटी हळद, कुंकवाची डबी. एकदा मुलगी कामावर होती आणि बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या मला म्हणाल्या, "चल बरोबर, पाणी ओतायला कोणीतरी पाहिजे." तेव्हापासून मी जायला लागले.

पहिलीच वेळ माझ्या ओळखीच्या बाईची आली. आमच्या वर्गातलीच, खाडीकडच्या वस्तीतली मासे विकणारी म्हातारी. भलती भांडकुदळ. वर्गात बाई म्हणायच्या, "ज्यांना येतंय त्यांनी हात वर करा," आणि ही म्हणायची, "माझा हात टोपली उचलायला वर जातो, तुमच्यासाठी नाय जायचा." बाईसुद्धा हसायच्या.

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं, बाहेर माणसांची कुजबुज. म्हातारीचा उजवा हात कोपरात वाकून छातीशी घट्ट बसला होता. नवी चोळी घालायची होती, हात सुटेना. मी ओढला तर हलला नाही, लाकूड ओढल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, "ओढू नकोस." त्यांनी खांद्यावर कोमट पाणी सोडलं, हाताने हळूहळू चोळत राहिल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "चला आजी, आता तरी हात वर करा."

आणि तो हात वर गेला. सुटून खाली नाही पडला. वर गेला. कोपर उघडलं, बोटं माझ्या कानाला लागली.

माझ्या हातातला तांब्या पडला. बाई शांतपणे म्हातारीला म्हणाल्या, "शहाणी माझी," आणि चोळीची बाही चढवली.

परत येताना त्या म्हणाल्या, कोमट पाण्याने सांधा सुटतो, त्यात काही नाही. मी बरं म्हटलं. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. त्यांच्याशी बोलायचं. पाणी घालतेय, कुशीवर वळवतेय, सगळं सांगायचं. नाहीतर त्या बिचकतात. पण प्रश्न विचारायचा नाही. साधा, पाणी गरम आहे का, असासुद्धा नाही."

"का बाई?"

"प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. मग त्या उत्तर द्यायला थांबतात. आणि तोंड तर उरलेलं नसतं."

हे त्यांनी बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मला वाटलं, बाईंना मुलांना घाबरवायची जुनी सवय असेल. पण पुढे जिथे जिथे गेलो, एकदा पार गोवंडीलाही, तिथे मी ओठ दाबून पाणी ओतत राहिले.

घरी आल्यावर बाई कोणाला शिवायच्या नाहीत. गिझर लावलेलाच असायचा. थेट बाथरूममध्ये. मुलगी लहान असताना बाथरूमच्या दाराबाहेर पायपुसण्यावर बसून राहायची म्हणे, आई बाहेर येईपर्यंत. हे मला त्या मुलीनेच सांगितलं. तिला मी ताई म्हणते, वयाने माझ्यापेक्षा लहान असली तरी. ताईंनी लग्न केलं नाही. अंधेरीला मोठ्या ऑफिसात आहेत, आईसोबतच राहायच्या. दोघींचं प्रेम होतं, पण ते खरखरीत होतं.

"मावशी, माझ्या आईने अख्ख्या मुलुंडच्या बायकांना अंघोळ घातली," ताई एकदा माझ्यादेखत म्हणाल्या. "माझी वेणी मात्र शेजारच्या काकू घालायच्या."

बाई ताटातली भाकरी मोडत म्हणाल्या, "त्या छान घालायच्या."

"तू कधी घातलीस?"

"घातली असती तर तुला पाचवीतच केस कापावे लागले असते. माझा हात जड आहे." मग ताईंच्या ताटात तूप वाढलं, त्या नको म्हणत असताना. ताई उठून गेल्या नाहीत. ते तूप खाल्लं.

बाई गेल्या त्या भर दुपारी, झोपेत. ताई ऑफिसात होत्या. मी भाकरीचं पीठ द्यायला गेले होते, माझ्याकडे किल्ली असायची. पलंगावर कुशीवर होत्या. लवंगेचा वास अजून खोलीत होता. मी हाक मारली नाही. कळलं होतं.

अंघोळ मीच घालायची हे कोणी ठरवलं नाही. पिशवी दारामागे होती, मी ती काढली. मदतीला बिल्डिंगमधल्या मालवणी आजी आल्या, पण त्यांना नीट ऐकू येत नाही आणि वाकता येत नाही, त्या भिंतीला टेकून रामनाम घेत बसल्या. मी बाईंशी बोलत राहिले. पाणी घालतेय बाई. आता केस सोडतेय. त्यांच्या नखांत पीठ होतं, आदल्या संध्याकाळच्या वर्गाचं. चार बोटांचं काढलं. एका बोटाचं काढवेना, राहू दिलं.

पायांपर्यंत आले आणि मला पैसे आठवले. बरेचसे फिटले होते, थोडे राहिले होते. त्या महिन्याचे माझ्या कमरेच्या पिशवीत होते, त्यांना द्यायलाच आणले होते. इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करायची सवय. तोंडातून निघून गेलं.

"बाई, राहिलेले पैसे कोणाला देऊ?"

तांब्यातलं पाणी ओतून संपलं होतं, तरी थेंब पडल्याचा आवाज आला. एकच. मी जीभ चावली. आजी डोळे मिटून रामनाम घेत होत्या, त्यांनी ऐकलं नव्हतं. ज्यांनी ऐकायला नको होतं त्यांनी मात्र ऐकलं असणार. प्रश्न विचारला होता, आणि आता त्या उत्तर दिल्याशिवाय जाणार नव्हत्या. माझ्यामुळे.

माणसं त्यांना घेऊन गेल्यावर आजींनी मला बसवलं. "दिवो लाव. खाली पीठ पसर आणि वर टोपली घाल. मुंबयत रवलंव म्हणान रीत सोडूची नाय." जिथे माणूस निजवलेलं असतं तिथे दिवा ठेवतात, पीठ पसरून झाकतात. मग बघतात, पिठात कसलं पाऊल उमटलं. त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात. मी तांदळाचं पीठ पसरलं, तळहाताने सारखं केलं. किती वेळा केलं होतं तसं, त्याच घराच्या परातीत.

स्मशानातून माणसं परत आली, टोपली उचलली. पिठात एकच रेघ होती. आखूड, तिरकी, खाली उतरलेली.

"पाखराची नखी गो ही," आजी म्हणाल्या. "पाखरू झाली. उडान गेली. बरा झाला."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण मला पाखरू दिसत नव्हतं. मला अर्धी खूण दिसत होती.

तेराव्यानंतर मी ताईंकडे पैसे घेऊन गेले. त्यांनी पाकीट उघडलंही नाही.

"कसले पैसे? आई मला काही बोलली नाही."

"डिपॉझिटला दिले होते, ताई. थोडे राहिले होते."

"दिले ना तिने? मग ठेवा हो मावशी. तुमच्याकडून घेऊन मी काय करू?"

"दिले नाहीत. उसने दिले."

"तिचं बाहेरचं ते बाहेरच राहू दे," ताई म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन आत गेल्या. पुढच्या महिन्याला पुन्हा तेच. मग मी महिन्याचे पैसे घरी बिस्किटांच्या डब्यात टाकायला लागले. शेवटी डब्यात पुरे झाले. फिटले मात्र नाहीत.

आणि माझ्या घरात खुणा यायला लागल्या. सकाळी परातीत पीठ चाळायचं, गॅसवरचं पाणी उतरवायला वळायचं, परत वळलं की पिठात आखूड रेघ. मी म्हटलं मुंगी असेल. म्हटलं माझ्याच बांगडीची कड लागली असेल. बांगड्या काढून ठेवल्या. तरी रेघ आली. मी ती पुसत नव्हते, कारण अजून कोणी पुसा म्हटलं नव्हतं. बाजूबाजूने पीठ घेऊन भाकऱ्या थापायचे आणि तेवढं घासभर पीठ परातीत तसाच ठेवायचे.

एका घरी मी पोळ्या करते, तिथल्या वहिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मावशी, भाजीत लवंग घातली का? केवढा वास सुटलाय." भाजी दुधीची होती. लवंग त्या घरात कोणी खात नाही. माझा डावा खांदा थंड पडला. त्या बाजूला मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.

मग नाहूरला आमच्याच चाळीत एक बाई गेली. तिच्या जावा माझ्या दाराशी आल्या. "बाई नाहीत, आता तुलाच यावं लागेल गं." मी पिशवी घेऊन गेले. ती पिशवी ताईंनी मला दिली होती, "ही माझ्या घरातून न्या" म्हणून. त्या बाईचाही हात अडकलेला, तसाच, छातीशी. मी कोमट पाणी सोडलं, चोळायला लागले, आता बाईंचं ते वाक्य म्हणावं म्हणून तोंड उघडलं. मी अजून म्हटलंच नव्हतं. हात वर गेला.

खोलीत लवंगेचा वास भरून राहिला होता.

मला भीती वाटली, पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. बाई माझ्याबरोबर होत्या. कामात चुकले तर सांगायला कोणी होतं. त्या दिवसापासून माझ्या मनात एक नवीन गोष्ट शिरली. पैसे फिटले की त्या जातील. नाही फिटले तर राहतील. आणि त्या राहाव्यात असं मला वाटायला लागलं. मग वाटायचं, एवढ्या शिस्तीच्या बाई, आयुष्यभर वेळेवर घंटा देणाऱ्या, आणि मी त्यांना वर्गाबाहेर ताटकळत उभं केलंय.

शेवटी मी ताईंना सगळं सांगायचं ठरवलं. संध्याकाळी डबा घेऊन गेले. त्या चहा करत होत्या. मी खाली बघून, अडखळत, प्रश्नाचं सांगितलं, पिठातल्या रेघेचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्याही. "मावशी, तुम्ही पण ना." मग गॅस बंद केला आणि हात धरून मला बाथरूमपाशी नेलं.

गिझरचा लाल दिवा लागलेला होता.

"मी सकाळी बंद करून जाते," ताई म्हणाल्या. "संध्याकाळी आले की चालू. इलेक्ट्रिशियनने स्विच बदलला. तो म्हणाला ढिला होता. नवीन पण ढिला?" त्या पायपुसण्याकडे बघत होत्या. "मी ऑफिसातून येते आणि इथे बसते. लहानपणी बसायचे तशी. आतून पाण्याचा आवाज येत नाही. पण दार उघडेल असं वाटत राहतं."

मी हळूच डबा पुढे केला. त्यांनी डब्याकडे बघितलं.

"मी हे घेतले की ती जाणार. असंच ना?"

मी मान हलवली.

"मग नको," ताई म्हणाल्या. लहान मुलीसारखं म्हणाल्या, दोन्ही हात मागे घेऊन. "एवढी वर्षं ती सगळ्यांची होती. आता कुठे रोज संध्याकाळी घरी येतेय."

मी डबा परत घेऊन आले. रस्त्यात रडू आलं. मला त्यांचा रागही येत नव्हता, कारण माझंही मन तेच म्हणत होतं. आणि तरी परातीत रोज ती रेघ. मला ती आता रेघ वाटत नव्हती. दाराच्या फटीत घातलेलं बोट वाटत होतं.

पुढे बिल्डिंग पाडून नवी बांधायचं नक्की झालं. सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. ताईंनी घाटकोपरला भाड्याने जागा घेतली. सामान गेलं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"मावशी, येता? डबा घेऊन या. आणि तांदळाचं पीठ."

घरात गॅस आणि ओट्यावरची भांडी सोडून काही उरलं नव्हतं. भिंतींवर कपाटांच्या जागी पांढरे चौकोन. ताई जमिनीवर बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"मला रात्रभर एकच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "हे घर पाडलं की ती उभी कुठे राहील? घाटकोपरचा पत्ता तिला कोण सांगणार? मी तिला असं ढिगाऱ्यात उभं ठेवायचं?" मग नाक पुसून म्हणाल्या, "आधी भाकरी करा. या गॅसवरची शेवटची."

मी परातीत पीठ ओतलं. तळहाताने सारखं केलं. पाणी घ्यायला वळले. मागे ताईंचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

पिठात आखूड रेघ होती.

ताई परातीपासून लांब बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. "तुम्ही नाही ना केलं?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्या पुढे सरकल्या, वाकून बघत राहिल्या. "आई माझ्या पाटीवर अशीच अर्धी खूण करायची. मी रडायचे. म्हणायची, रडू नकोस, पुढचं कर." त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "तुम्ही तिला विचारलं होतं ना, कोणाला देऊ म्हणून? मला द्या. मी तिची मुलगी आहे. माझा हक्क आहे."

मी डबा दिला. त्यांनी नोटा काढल्या आणि मोजल्या, बाई मोजायच्या तशा, अंगठा ओला न करता, प्रत्येक नोट जमिनीवर सपाट ठेवत. मोजून झाल्यावर त्यांनी पिठात बोट टेकलं, त्या आखूड रेघेच्या टोकाला, आणि वर लांब रेघ ओढली.

"बरोबर," ताई म्हणाल्या. "पुसा."

तो आवाज ताईंचाच होता. पण तो शब्द त्यांनी आमच्या वर्गात कधी ऐकला नव्हता, आणि तसा झटकून म्हणणारं माणूस मी एकच ओळखत होते. ताईंनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला. ओठांना पीठ लागलं.

मी तळहात फिरवला. पीठ सारखं झालं. लवंगेचा वास होता का नव्हता, मला सांगता येणार नाही. मी भाकरी थापली, दोघींनी मिळून एकच खाल्ली, मिठाच्या पाण्यात मिरची चुरून. निघताना बाथरूमवरून गेलो. गिझरचा दिवा बंद होता. सकाळी ताईंनी बंद केला होता की नव्हता, ते मी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. पायपुसणं ताईंनी घडी करून पर्समध्ये घातलं.

जिन्यात त्यांनी माझा हात धरला. नोटांना पीठ लागलं होतं, ते त्यांनी झटकलं नाही, तशाच पिशवीत ठेवल्या. त्यानंतर माझ्या परातीत रेघ आलेली नाही. बाईंचे पैसे पूर्ण फिटले.